आधी नाव सांग

तो आवाज ओमुरझाकनं पहिल्यांदा ऐकला, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. आधी टापा. गोठलेल्या जमिनीवर घोडे भरधाव सोडले की डफावर मुठी मारल्यासारखा आवाज होतो, तसा. आणि टापांच्या वर, वाऱ्यावर हेलकावे खात येणारं पुरुषांचं रडणं. एकाचं नव्हे, चार-पाच गळ्यांचं.

"अरे माझ्या डोंगरा… माझ्या आधारा… कुठं गेलास रे…"

असं मोठ्यानं रडत घोडे पळवत यायचं, ही त्या मुलखाची रीतच. कुणाच्या घरी मयत झालं की सोयरेधायरे लांबूनच घोड्यांना टाच मारतात आणि आक्रोश करत दारापर्यंत येतात. घरच्या पुरुषांनी वाळुंजाच्या झाडाच्या आखूड काठीवर वाकून दारात उभं राहायचं आणि त्या रडण्याला रडूनच उत्तर द्यायचं. मग आलेला खाली उतरतो, घरच्या माणसाला मिठी मारतो. एकाची मिठी सुटली की दुसऱ्याची. सगळ्यांची मिठी होईपर्यंत घरच्यानं जागचं हलायचं नसतं.

साऱ्या किरगिझ डोंगरांत ही रीत एकसारखी. फक्त ओमुरझाकच्या कारा-तोर खोऱ्यात तिला एक गाठ मारलेली होती. कारा-तोरमध्ये बाहेर कितीही रडणं उठो, आतल्यानं तोंड उघडायचं नाही. आलेला घोड्यावरून उतरून "मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू" असं सांगेल, तेव्हाच उत्तर द्यायचं. खालच्या गावातले लोक यावर पोट धरून हसत. "कारा-तोरला मरू नये बाबा," ते म्हणत, "तिथं रडायच्या आधी ओळखपत्र मागतात."

ही गाठ कुणी मारली, का मारली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओमुरझाकच्या बापाला विचारलं तर तो म्हणे, "रीत आहे. रीतीला कारण विचारू नये, आईला वय विचारू नये."

त्या दिवशी ओमुरझाकचं नुकतंच लग्न झालेलं होतं. घरात कुणी आजारीसुद्धा नव्हतं. भर दुपारी, धुक्यातून तो आक्रोश वर आला, आणि ओमुरझाकचा ऊर असा भरून आला की तो उठून दाराकडे धावला. बापानं मागून झडप घालून त्याच्या तोंडावर पंजा दाबला. त्या पंजाला मेंढीच्या चरबीचा वास होता. नवी नवरी कानिशाय भिंतीला चिकटून बसली होती. टापा अंगणात आल्या, घोडे फुरफुरले, आणि सगळं थांबलं. बाहेर कुणीतरी वाट बघत होतं. बराच वेळ. मग टापा हळूहळू खालच्या घराकडे वळल्या.

खालच्या घरात सादिर काका राहायचा. मऊ मनाचा माणूस. कोकरू मेलं तरी डोळे पुसायचा. त्यानं उत्तर दिलं. त्याचं "ओय, माझ्या भावा!" वरपर्यंत ऐकू आलं, आणि नंतर जे ऐकू आलं ते ओमुरझाकनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

काका घोडे बांधायच्या खांबापाशी सापडला. पाठ, बरगड्या, मान, सगळीकडे वार. आणि दोन्ही हात पुढे गोल करून ताठ झालेले, कुणाला तरी मिठीत धरल्यासारखे. ते हात कुणालाच खाली आणता आले नाहीत. कफन अंगावर बसेना. शेवटी कबर रुंद खणावी लागली. जिल्ह्याहून आलेल्या माणसानं लांडगा म्हणून लिहून घेतलं आणि चहा पिऊन निघून गेला.

त्यानंतर तो आवाज आला नाही. वर्षं गेली. बाप गेला. ओमुरझाक म्हातारा झाला.

*

यंदा शरदात उर्मात घरी परतला. एकुलता मुलगा. मॉस्कोत लोकांच्या भिंती बांधून त्याच्या हातांना चुन्याचे चट्टे पडले होते. ओमुरझाकनं ही जागा इतकी वर्षं राखली ती त्याच्यासाठीच. वरच्या उतारावर बापजाद्यांच्या कबरी, खाली मातीचं घर, आणि घरासमोर ती सपाट हिरवी जागा, जिथं पूर्वी कुळाचा लोकरी तंबू उभा राहायचा. खोऱ्याला वाट एकच, खालून येणारी. वर कबरी, त्यांच्यावर कडे, कड्यांवर बर्फ.

"इथं पाहुण्यांसाठी घर बांधतो बाबा," उर्मात त्या सपाट जागेवर पाय आपटत म्हणाला. "परदेशी लोक येतात, घोड्यावर बसतात, डोंगर बघतात. तुम्ही त्यांना पिढ्यांच्या गोष्टी सांगा."

"ह्यांनी?" कानिशाय चुलीपासून म्हणाली. "ह्यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत चहाचा बर्फ होतो. पाहुणे व्हिसा संपून परत जातील."

ओमुरझाक हसला. तो खरंच सावकाश बोलायचा. शब्द आधी जिभेवर ठेवून त्याचं वजन बघायचा, मग सोडायचा. पण पोरगा परत आला होता, आणि राहतो म्हणत होता. त्याला याहून जास्त काही नको होतं.

पिढ्यांची गोष्ट तर उर्मातला बोलता यायला लागल्यापासून पाठ होती. उर्मात ओमुरझाकचा, ओमुरझाक इसाबेकचा, आणि तसंच वर वर जात बोतोकानपर्यंत. "बोतोकान या खोऱ्यात आला तेव्हा इथं फक्त वारा राहत होता." हे वाक्य कारा-तोरच्या प्रत्येक पोराला दुधाबरोबर पाजलेलं.

एका गुरुवारी ओमुरझाक पीठ आणायला खालच्या गावात गेला. फोन आवाज पकडतो तो खालच्या वळणावरच, म्हणून जाताजाता मेव्हण्याचीही चौकशी करायची होती. असानाकुन, कानिशायचा भाऊ, जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. उर्मातचा हा मामा म्हणजे त्याचा दुसरा बापच. त्यानंच त्याला घोड्यावर बसवलं, त्यानंच पहिली दाढी करून दिली. दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली, "जड आहे. आजची रात्र निघाली तर निघाली."

ओमुरझाक पिठाचं पोतं घोड्यावर टाकून परतला तेव्हा दुपार कलली होती आणि कड्यांवरून धुकं उतरायला लागलं होतं. घरातून चरबीत रोट्या तळल्याचा वास येत होता. गुरुवारी मेलेल्यांच्या नावानं रोट्या तळायच्या असतात. त्यांना भूक नसते म्हणतात, नुसता वास पुरतो.

सपाट जागेवर उर्मात पायाच्या खड्ड्यात उभा होता. वर मातीच्या ढिगाऱ्यावर त्यानं काही हाडं काढून ठेवली होती.

"बाबा, घाबरू नका," तो म्हणाला. "जुनी आहेत. फार जुनी."

ओमुरझाक घोड्यावरून उतरला आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. माणसं एकमेकांवर पडली होती, पडली तशीच पुरली होती. ना कफन, ना तोंड काब्याकडे. एकाची कवटी कपाळापासून टाळूपर्यंत फुटलेली. दुसऱ्याच्या मानेचा मणका तिरका कापलेला. आणि प्रत्येकाच्या हाताशी काळी पडलेली एकेक आखूड काठी.

ओमुरझाकनं एक काठी उचलली. साल गेली होती, पण वाळुंजाचं लाकूड त्यानं डोळे मिटूनही ओळखलं असतं. ज्याच्या हातात अशी काठी, तो दारात रडायला उभा राहिलेला माणूस. लढायला उभा राहिलेला नव्हे.

"आणि हे बघा," उर्मातनं पट्ट्यातून एक मूठ काढली. सुऱ्याची मूठ, शिंगाची. पातं गंजून बोटभर उरलेलं. "ह्या एकाच्या बरगडीत अडकलं होतं. खूण बघितलीत?"

मुठीवर कोरलेली चंद्रकोर आणि तिच्याखाली आडवी रेघ. ओमुरझाकनं मान वळवून आपल्या घोड्याकडे पाहिलं. घोड्याच्या मागच्या मांडीवर तीच चंद्रकोर, तीच रेघ. गेल्या वसंतात त्यानं स्वतः डागलेली, जशी त्याच्या बापानं डागली, जशी बोतोकाननं डागली.

त्यानं काठी परत होती तिथं ठेवली. मग म्हणाला, "वारा नव्हता राहत इथं."

"काय?"

"माणसं राहत होती. आपले लोक रडत आले, घोडे पळवत, सुतकाला आल्यासारखे. ह्यांना वाटलं, सोयरे आलेत. काठ्या घेऊन बाहेर आले, मिठी मारायला हात पसरले…"

उर्मात हसला, पण ते हसणं त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. "बाबा, तुम्ही तिथं होतात काय? पिढ्या गेल्या त्याला. मी ही हाडं वर नेऊन पुरतो, मूठ साफ करून पाहुण्यांच्या घरात भिंतीवर लावतो. सात पिढ्यांची निशाणी! लोकांना असलंच आवडतं."

"मूठ आहे तिथं ठेव. मी मुल्लाला घेऊन येतो. आज चूल सोडून बाहेर येऊ नका."

"आणि घर?"

"घर इथं होणार नाही."

उर्मातचा चेहरा लाल झाला. "मला कुत्र्यासारखं परदेशात राबू दिलंत, का, तर ही जागा राखायची, ती तुझी आहे. आता आलो तर म्हणता घर नको! मग मी आलो कशाला? कबरी मोजायला?"

ओमुरझाकला उत्तर होतं, पण ते जिभेवर यायच्या आत कानिशायनं दारातून हाक मारली. "माझ्या भावाचं काय कळलं?"

त्यानं खरं सांगितलं. कानिशायनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं. उर्मात खड्ड्यातून वर आला, आईला धरून आत घेऊन गेला. मूठ अजून त्याच्याच पट्ट्यात होती.

धुकं अंगणात उतरलं. खांब दिसेना, खड्डा दिसेना. ओमुरझाक घोड्याचा तंग आवळत होता, आणि घोडा एकाएकी थरथरायला लागला.

टापा.

*

तो आत धावला, दार लोटून पाठ लावून उभा राहिला. कानिशायनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीची नवी नवरी त्या डोळ्यांत परत आली.

"अरे माझ्या डोंगरा… माझ्या आधारा…"

उर्मात उठला. "मामा गेला," तो म्हणाला. "आई… मामा गेला."

"बस खाली," ओमुरझाक कुजबुजला. "नाव सांगू दे आधी."

"नाव कसलं! खालच्या गावचे लोक आहेत, निरोप घेऊन आलेत… ऐकू येत नाही तुम्हाला?" त्यानं कोट अंगात घातला. "आजा गेला तेव्हा मी मॉस्कोत होतो. आत्या गेली तेव्हाही. कुणासाठी दारात उभा राहिलो नाही मी. आज मामासाठी पण नको राहू?"

"पोरा… तो मामा नाही."

"बाजूला व्हा."

ओमुरझाक झाला नाही. उर्मातनं त्याला खांद्यानं लोटलं. म्हातारा दाराला चिकटून राहिला, आणि पोराचं तोंड उत्तरासाठी उघडतंय हे दिसताच त्यानं हातातल्या चाबकाच्या दांड्यानं त्या तोंडावरच मारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्याच्यावर हात उचलला. दात तुटल्याचा बारीक आवाज झाला. उर्मात रक्त थुंकला, आणि बापाची गचांडी धरून त्यानं त्याला चुलीवर फेकलं. कढई उलटली. तापलेली चरबी कानिशायच्या मनगटावर सांडली, आणि तिची किंकाळी बाहेरच्या रडण्यात मिसळून गेली. दार उघडलं होतं.

"ओय, माझ्या मामा!" उर्मातनं हंबरडा फोडला. "माझ्या वाघा!"

बाहेरचं रडणं तोडल्यासारखं थांबलं.

ओमुरझाक गुडघ्यांवर सरकत उंबऱ्यापाशी आला. घोडे दिसत नव्हते, नुसती त्यांच्या नाकपुड्यांची वाफ धुक्यात वरखाली होत होती. उर्मात हात पसरून उभा होता, आणि त्याच्या मिठीत कुणीतरी होतं. फाटक्या मेंढीच्या कातड्याच्या दोन बाह्या त्याच्या पाठीभोवती आवळल्या होत्या. उर्मात आधी रडत होता. मग त्याचं रडणं बदललं. ओली फांदी मोडावी तशी एक बरगडी मोडली. त्याच्या कोटाची पाठ उभी फाटत गेली, आणि फाटीतून रक्त आलं.

मिठी सुटली. धुक्यात, काठ्यांवर वाकून, बाकीचे रांगेनं उभे होते. माना खाली. आपापल्या पाळीची वाट बघत.

दुसरा पुढे आला. उर्मात मागे सरला नाही. हात पसरलेलेच होते. ते त्याचे राहिले नव्हते.

"तुम्ही कोण!" कानिशाय मागून ओरडली. "कुणाचे! नाव सांगा!"

दुसऱ्या बाह्या आवळल्या. उर्मातच्या तोंडातून रक्ताचा फेस आला.

आणि त्या क्षणी ओमुरझाकला ती गाठ सुटली. येणाऱ्यानं नाव सांगायचं असतं. ते ऐकायला इतकी वर्षं आपण दारं बंद करून बसलो. पण इथं आलेले ते नव्हतेच. हे दार त्यांचं होतं. आलेले आपण होतो.

तो उंबरा ओलांडून बाहेर गेला. अंगणात, रांगेच्या पुढ्यात, घोड्यावरून उतरलेल्या पाहुण्यासारखा उभा राहिला.

"मी…" तो म्हणाला. जीभ लाकडासारखी जड. "मी ओमुरझाक. इसाबेकचा मुलगा."

दुसऱ्याची मिठी सुटली. तिसरा पुढे आला.

"इसाबेक चोरोयचा. चोरोय… तुर्दुबायचा."

"लवकर बोला!" कानिशाय रडत म्हणाली. "एकदा तरी लवकर बोला हो!"

"तुर्दुबाय केंजेकाराचा. केंजेकारा आल्यामानचा." उर्मातचे गुडघे मोडले, पण त्या बाह्यांनी त्याला पडू दिलं नाही. "आल्यामान शापाकचा. आणि शापाक…" ज्या नावावर प्रत्येक वेळी त्याची छाती फुगायची, ते नाव आता घशात हाडासारखं आडवं आलं. "शापाक बोतोकानचा. आम्ही बोतोकानचे. रडत आलो, नाव सांगितलं नाही. आज सांगतो."

सगळं निश्चल झालं. घोड्यांची वाफसुद्धा थांबली.

त्यानं मुलाच्या पट्ट्यातून ती मूठ ओढून काढली आणि जमिनीवर ठेवली. "ही आमची. जमीन तुमची. बर्फ पडायच्या आत आम्ही निघतो. माझं पोर… माझं पोर मला द्या."

ज्याची पाळी अजून आली नव्हती, त्या शेवटच्यानं मान वर केली. कपाळापासून टाळूपर्यंतची ती फट ओमुरझाकनं दुपारी पाहिली होती. त्या तोंडावर राग नव्हता. सुतकाला उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर जे असतं, तेच होतं. त्यानं उर्मातकडे बघितलं, मग ओमुरझाककडे. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मग नुसतं धुकं होतं, आणि घामेजल्या घोड्यांचा वास.

उर्मात खांबापाशी पडला होता. हात पुढे गोल केलेले. पण छाती हलत होती.

*

शेजारच्या खोऱ्यातल्या जोलचूनं ट्रक आणला आणि त्याला जिल्ह्याला नेलं. गंमत अशी की त्याच दवाखान्यात असानाकुन मामा दुसऱ्या दिवशी उठून बसला आणि त्यानं रस्सा मागितला. "माझ्यासाठी लोक आधीच रडून मोकळे झाले," तो फोनवर म्हणाला, "आता मरून कुणाला दाखवू?" उर्मातच्या जखमा भरत होत्या, असं त्यानंच कळवलं. खातो, पितो, चालतो. फक्त बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, होईल हळूहळू.

मुल्ला आला. हाडं कफनात गुंडाळून, तोंडं काब्याकडे करून रीतीनं पुरली. वर, बोतोकानच्या कबरीशेजारीच. काठ्या ज्याच्या त्याच्या उशाशी ठेवल्या. एक काठी कमी भरली. कानिशाय म्हणाली, खड्ड्यात राहिली असेल. ओमुरझाकनं खड्डा हातांनी चाळला. नव्हती.

"बापजाद्यांची जागा सोडतोस?" सामान ट्रकवर चढवताना जोलचूनं विचारलं. "वेडा झालास की काय म्हाताऱ्या?"

"सोडत नाही," ओमुरझाक सावकाश म्हणाला. "परत देतो."

निघायचा दिवस गुरुवार होता. दुपारी मामा उर्मातला घेऊन खालच्या वळणावर येणार, आणि तिथून सगळे मिळून पुढे जाणार. कानिशायनं मोकळ्या घरात शेवटची चूल पेटवली, पट्टी बांधलेल्या हातानं रोट्या तळायला घेतल्या. जाताजाता वास सोडून जाऊ, म्हणाली. सकाळपासून धुकं होतं. ओमुरझाक उंबऱ्यात बसून ते घर पाठ करत होता. भिंत, खांब, उतार.

पावलं वाजली. घोडा नव्हे, माणूस.

धुक्यातून उर्मात आला. अंगावर दवाखान्याचा सदरा, गालावर वाढलेली दाढी, ओठ बापाच्या दांड्यानं फाटला होता तिथंच फाटलेला. हातात एक आखूड काळी काठी.

"आला!" कानिशाय झारा टाकून धावली. "अगं बाई, चालत आला माझा…"

ओमुरझाकनं हात आडवा केला. ती त्याच्या हातावर आदळली.

"अहो, सोडा! डोळे गेले का तुमचे? आपला उर्मात आहे!"

"तो वरून आला," ओमुरझाक म्हणाला.

कानिशायनं मान वळवून पाहिलं. खालची वाट ट्रकच्या पलीकडे मोकळी पडली होती. हा माणूस उतारावरून, कबरींच्या बाजूनं आला होता.

तो अंगणात, खांबापाशी येऊन थांबला. तळणाच्या वासाकडे तोंड करून त्यानं खोल श्वास घेतला, आणि काठीवर जरा वाकला. डोळे उर्मातचेच होते. लहान असताना घोड्याच्या पाठीवरून बापाकडे असेच बघायचे.

धावत जाऊन त्याला छातीशी धरावं, असं त्याचं सारं अंग सांगत होतं. त्यानं उंबरा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कुणाचा रे तू?" त्यानं विचारलं.

त्यानं काठी फक्त या हातातून त्या हातात घेतली.

"सगळी नको सांगू," तो म्हणाला, आणि आता डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं. "पहिलं एकच नाव सांग, बाळा. माझं. पुढची मी म्हणतो… फक्त माझं नाव सांग."

त्यानं ओमुरझाककडे बराच वेळ बघितलं. फाटलेला ओठ थोडा हलल्यासारखा वाटला. मग तो वळला, आणि काठी टेकत टेकत, एक शब्दही न बोलता, उतारावरून वर, जिथं एक काठी कमी भरली होती त्या कबरींकडे चालत गेला.